एक वार, दोन वार...

आमच्या सोनईला रेल्वे नाही. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला तो आमच्या गावाला टाळून, वांबोरी-राहुरीकडून. त्यानंतर रेल्वेनं आमची चौकशी केली नाही आणि आम्हीही मानी असल्यामुळे तिची केली नाही. गळिताच्या हंगामात मुळा कारखान्याकडे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागते, हीच आमची आगगाडी.

लिलाव मात्र आम्हांला कोणी शिकवू नये. शेजारच्या घोडेगावला कांद्याचा बाजार आहे. कांद्याच्या लिलावात भावनेला जागा नसते. व्यापाऱ्यानं वक्कलासमोर उभं राहायचं, दोन कांदे हातात घ्यायचे, एक दाबून बघायचा, आकडा बोलायचा आणि पुढे सरकायचं. शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलंच, तर ते कांद्यामुळे आलं की भावामुळे, हे कोणी विचारत नाही.

एवढी तालीम झालेली असल्यामुळे, २०२१ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पुतण्यानं फोन करून, "काका, इथे एका आगगाडीचा लिलाव आहे, मी बोली लावतोय," असं सांगितलं, तेव्हा मी धंदेवाईक सुरात विचारलं, "किती डब्यांची?"

"अहो काका, खेळण्यातली!"

मी गप्प झालो. पोरगा कोरोनापायी वर्षभर घरात कोंडलेला. म्हटलं, डोक्यावर परिणाम झाला असावा.

परिणाम खरं तर फार पूर्वीच झाला होता आणि तो पुण्यात झाला होता. कोथरूडला भाऊ जोशी नावाच्या गृहस्थांनी आयुष्यभर जमवलेल्या छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय १९९८ साली सर्वांसाठी उघडलं. तिथे मीच या मुलाला नेलं होतं. सिग्नल पडतोय, गाडी थांबतेय, दिवे लागताहेत, असं तासभर बघून झाल्यावर त्याला बाहेर काढायला मला दोन आइसक्रीमं मोजावी लागली. तेव्हा दोष माझाच.

आता तो राहतो पेनसिल्व्हानियात. तिथे शार्टल्सव्हिल नावाचं छोटं गाव आहे. या गावात 'रोडसाइड अमेरिका' नावाचं एक भलंमोठं खेळणं होतं. भलंमोठं म्हणजे आठ हजार चौरस फुटांचं! त्यात तीनशेच्या वर घरं, डोंगर, नद्या, पूल, खाणी आणि त्यांच्यामधून धावणाऱ्या आगगाड्या न् ट्रॉली. हे सगळं उभं केलं लॉरेन्स गीरिंगर या सुतारकाम-रंगकाम करणाऱ्या माणसानं. त्याची अशी हकिगत सांगतात, की लहानपणी त्याला घराच्या खिडकीतून दूर डोंगरावरचं एक हॉटेल दिसायचं. ते खेळण्याएवढं दिसतंय म्हणजे ते खेळणंच आहे, असं ठरवून हा पठ्ठ्या ते उचलून आणायला निघाला आणि रानात हरवला. सापडला, पण हॉटेल ते हॉटेलच राहिलं. मग त्यानं जन्मभर स्वतःच्या हातानं तसली घरं केली. १९३५ साली ती लोकांना दाखवायला सुरुवात केली आणि १९४१ साली शार्टल्सव्हिलच्या इमारतीत हलवली. १९६३ साली तो गेला. पुढे घरच्यांनी गाडा ओढला. गिऱ्हाईक मिळतंय का तेही पाहिलं. अखेर २०२० च्या नोव्हेंबरात, कोरोनाच्या वर्षी, ते कायमचं बंद झालं आणि एकेक वस्तू लिलावात निघाली.

पुतण्याला त्यातलं एक स्टेशन हवं होतं. त्याच्या मुलीनं तिथे पहिल्यांदा बटण दाबून गाडी पळवली होती, म्हणून.

बोली लावणारे दोन जातींचे असतात, असं त्यानं मला समजावलं. पहिला संग्राहक. तो वस्तू उलटी करून बघतो, रंग मूळचा आहे का ते तपासतो आणि मनात ठरवलेल्या आकड्यावर थांबतो. म्हणजे आमचा घोडेगावचा व्यापारीच. दुसरा असतो तो सातव्या वर्षी बापाचं बोट धरून तिथे गेलेला माणूस. तो वस्तू उलटी करत नाही. त्याला आकडाच नसतो. असे दोघे एकमेकांसमोर आले, की संग्राहक शहाणपणानं बाजूला होतो आणि मग लाकडाच्या एका घरकुलाला खऱ्या घरासारखा भाव चढू लागतो.

हे वेड काही अमेरिकेतच आहे असं नाही. दार्जिलिंगच्या छोट्या रेल्वेचं १८८९ सालचं एक इंजिन एका अमेरिकन शौकिनानं विकत घेऊन नेलं होतं. २००२ साली ते एड्रियन शूटर या इंग्रजानं मिळवलं आणि स्वतःच्या घराच्या बागेत रूळ टाकून त्यावर चालवलं! हे गृहस्थ नोकरीनंही रेल्वेतलेच. आपल्याकडचा कारकून निवृत्तीनंतर फाइलचं तोंड बघणार नाही.

तर, पुतण्या हरला. समोर कोणी तरी 'सातव्या वर्षीचा' निघाला असणार. मी त्याला समजावलं, "अरे, कांदा निदान आमटीत तरी पडतो. ते स्टेशन घेऊन तू करणार काय होतास?" तो हसला आणि म्हणाला, "काका, आपल्या घरात असं जुनं काही आहे का हो? आगगाडीचं?"

मी "बघतो" म्हटलं आणि फोन ठेवला. त्या रात्री झोप आली नाही.

कारण मीही एकदा सात वर्षांचा होतो. आजीबरोबर आषाढीला निघालो होतो. नगरहून दौंड, दौंडहून कुर्डुवाडी आणि तिथून बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ही गाडी १८९७ साली आधी बार्शीपर्यंत नेली. रुळांतलं अंतर अवघं अडीच फूट. १९०६ साली ती पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांची झाली. पुढे एका टोकाला लातूर, दुसऱ्या टोकाला मिरज. १९५४ साली सरकारनं ती ताब्यात घेतली. याच कॅलथ्रॉपनं इंग्लंडातही, स्टॅफर्डशायरच्या डोंगरात, एवढ्याच रुंदीची एक गाडी १९०४ साली सुरू करून दिली. ती तीस वर्षांत बंद पडली आणि रुळांच्या जागी पायवाट झाली. आमची बार्शी लाइट शंभरी ओलांडून गेली. तिकडे विठोबा नव्हता, एवढाच फरक.

गाडीची चाल अशी, की एक कुत्रं बराच वेळ शेजारून पळालं आणि शेवटी कंटाळून बसलं. वळणावर खिडकीतून आपलंच इंजिन दिसायचं. मी आजीला विचारलं, "आजी, हे आपल्या ट्रंकेत मावेल का गं?"

आजीनं इंजिनाकडे नीट बघून घेतलं. "मावेल की. पण मग दशम्या कुठे ठेवू?"

ती बार्शी लाइट आता नाही. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत तो सगळा मार्ग रुंद झाला. गाड्या वेगानं जातात, कुत्री नाद करत नाहीत. तक्रार करायला तोंड नाही, कारण रुंद गाडी मलाही हवीच होती. आणि ती ट्रंक? ती तर मीच १९७९ साली भंगारवाल्याला अकरा रुपयांना घातली होती. वजनावर. वर त्यानं एक रुपया जास्त दिला म्हणून खूशही झालो होतो.

सकाळी हे सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "ट्रंक गेली. झाकण कुठे गेलंय? कडी मोडली होती म्हणून त्यानं ते घेतलं नाही. चाळीस वर्षं हौदावर कोण बसलंय मग?"

मी परसात गेलो. झाकण उचलून चिंच आणि राखेनं घासलं. गंजाखालून पांढऱ्या ऑइलपेंटची अक्षरं वर आली. ट्रंक हरवू नये म्हणून आजीनं पेंटरकडून लिहून घेतलेली: तिचं नाव, खाली 'मु. सोनई', आणि त्याखाली 'जाणे पंढरपूर'.

मी ते छातीशी धरून घरात निघालो, तर सौ. दारात आडवी.

"ते आत नेताय, पण मग हौदावर काय ठेवू?"

"नवं झाकण आणतो. पत्र्याचं."

"स्टीलचं."

"बरं, स्टीलचं," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी घासाघीस केली नाही.