डाळिंबाचा रस आणि नवजात अर्भकाचा मेंदू

प्रसूतीच्या वेळी नाळ आवळली गेली, वार वेळेआधी सुटली किंवा प्रसूती फार लांबली, तर अर्भकाच्या मेंदूला होणारा रक्ताचा व प्राणवायूचा पुरवठा घटतो. त्यातून मेंदूला होणाऱ्या इजेस वैद्यकशास्त्रात ‘हायपॉक्सिक-इस्केमिक एन्सेफॅलोपॅथी’ म्हणतात. काही बालके त्यात दगावतात. वाचलेल्यांपैकी काहींना सेरेब्रल पाल्सी, फिट्स किंवा मतिमंदत्व यांना आयुष्यभर तोंड द्यावे लागते. वनस्पतींतील काही घटक अशा मेंदूचे रक्षण करू शकतील का, याचा शोध दोन दशकांपासून सुरू आहे.

ही इजा दोन टप्प्यांत होते. प्रथम प्राणवायूअभावी पेशींतील ऊर्जा संपते. रक्तपुरवठा पूर्ववत झाल्यानंतर काही तासांनी दुसरा टप्पा सुरू होतो. घातक मुक्त मूलके तयार होतात, दाह वाढतो आणि ‘कॅस्पेस-३’ या विकरामुळे पेशी स्वतःचाच नाश करू लागतात. मुक्त मूलकांना आवर घालणारी यंत्रणा नवजात मेंदूत अपुरी विकसित असते. म्हणूनच डाळिंब, द्राक्षे व हळद यांतील ‘पॉलिफेनॉल’ वर्गातील घटकांकडे संशोधक वळले.

अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. डेव्हिड होल्ट्झमन व सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेला प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. गाभण माद्यांना पिण्याच्या पाण्यातून डाळिंबाचा रस देण्यात आला. त्यांच्या पिल्लांच्या मेंदूला सातव्या दिवशी प्राणवायूची उणीव भासविली असता, सर्वाधिक मात्रा मिळालेल्या गटात मेंदूची हानी साठ टक्क्यांहून अधिक कमी आढळली. डाळिंबातील एलाजिक आम्ल या पिल्लांच्या रक्तातही सापडले. याच गटाने २००७ मध्ये द्राक्षांतील रेझव्हेराट्रॉलची चाचणी घेतली. इजेपूर्वी दिल्यास ते गुणकारी ठरले; इजेनंतर तीन तासांनी दिल्यास नाही.

खरी अडचण येथेच आहे. कोणत्या बालकाचा श्वास गुदमरणार, हे बहुधा आधी कळत नाही. त्यामुळे गर्भाची वाढ खुंटल्याचे निदान झालेल्या, म्हणजेच जोखीम आधीच ठाऊक असलेल्या मातांवर मानवी चाचणी झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत अशा काही माता होत्या. त्यांपैकी काहींना रोज सुमारे २४० मिलिलिटर डाळिंबरस, तर इतरांना तशाच चवीचे पेय देण्यात आले. बालकांच्या मेंदूच्या आकारमानात किंवा इजेच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. मेंदूच्या सूक्ष्म रचनेत व जोडणीत मात्र काही अनुकूल खुणा दिसल्या.

विकसित देशांतील मान्य उपचार म्हणजे जन्मानंतर सहा तासांच्या आत बालकाचे शरीर ३३.५ अंश सेल्सियसपर्यंत थंड करून ७२ तास तसे ठेवणे. परंतु भारत, श्रीलंका व बांगलादेशातील ४०८ बालकांवरील ‘हेलिक्स’ चाचणीत (२०२१) थंड केलेल्या गटात मृत्यू अधिक झाले : ४२ टक्के, तर इतरांत ३१ टक्के. आपल्याकडे स्वस्त व सुरक्षित पर्यायाची निकड त्यामुळेच मोठी आहे.

डाळिंब हे आहारातील उत्तम फळ आहे. औषध म्हणून ते अद्याप सिद्ध झालेले नाही. रसात साखर बरीच असल्याने गर्भारपणात मधुमेह असलेल्या स्त्रियांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बाळाच्या मेंदूचे रक्षण आज अवलंबून आहे ते नियमित तपासणी, प्रसूतीदरम्यान बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष आणि न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटातच श्वास देऊ शकणारे प्रशिक्षित हात यांवर.