एका पेशीची दोन रसायनं

मी वर्ध्यातून बोलतोय. आपल्या जिल्ह्याला हत्तीरोग नवा नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत त्यावर बरीच वर्षं संशोधन झालंय. या रोगाच्या कृमीची पिल्लं रात्री रक्तात फिरतात, म्हणून रक्ताचा नमुनाही रात्रीच घेतात. आज मात्र मी त्याच्या एका निरुपद्रवी नातेवाइकाचा इतिहास सांगणार आहे.

त्याचं नाव सी. एलिगन्स. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा गोलकृमी. सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये त्याला अभ्यासासाठी निवडलं. १९८६ साली त्यांच्या गटाने या कृमीच्या ३०२ चेतापेशी एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत, त्याचा नकाशा छापला.

पण पेशी बोलतात कशा? रसायनं सोडून. पाठ्यपुस्तकांत कित्येक वर्षं एक सोपा नियम होता: एक चेतापेशी, एकच रसायन. हेन्री डेल यांच्या नावाने तो चालायचा, जरी ते स्वतः एवढं ठाम बोलले नव्हते. १९७० च्या दशकापासून त्याला तडे गेले.

या कृमीत तर ते अगदी स्पष्ट दिसतं. अंडी घालायला लावणाऱ्या त्याच्या दोन खास पेशी सेरोटोनिन सोडतात आणि सोबत एक छोटं प्रथिनही. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं, की यातलं एकच काढलं तर अंडी घालणं फारसं अडत नाही. दोन्ही काढली, की मोठा अडथळा येतो. म्हणजे एक वाट बंद झाली तरी दुसरी चालू!

आता वर्ध्याशी संबंध काय? आयव्हरमेक्टिन हे औषध कृमीच्या चेतापेशींवर नेमकं कुठे बसतं, ते १९९४ मध्ये याच सी. एलिगन्समुळे कळलं. २०१९ साली शेजारच्या नागपुरात हत्तीरोगासाठी तेच औषध आणखी दोन औषधांसोबत द्यायला सुरुवात झाली. तिन्हींच्या वाटा वेगळ्या. माझ्या मते धडा हाच: अशा चिवट प्राण्याला एका वाटेने रोखता येत नाही.

म्हणून आशाताई गोळ्या घेऊन दारात आल्या, तर "मला काय झालंय?" म्हणून टाळू नका. लक्षणं नसलेल्या माणसाच्या रक्तातही जंतू असू शकतात. गरोदर बाया, दोन वर्षांखालची लेकरं आणि गंभीर आजारी माणसं सोडली, तर बाकीच्यांनी त्यांच्यासमोरच गिळायच्या. भेटू पुढच्या भागात!