पॅलिएटिव्ह सेवेची भौगोलिक उपलब्धता (भारत)

बऱ्या न होणाऱ्या आजारातील वेदना, धाप, चिघळलेल्या जखमा आणि घरच्यांची घालमेल हलकी करणारी सेवा रुग्णाला राहत्या ठिकाणी कितपत मिळते, हा या नोंदीचा विषय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५.७ कोटी लोकांना तिची गरज असते. मिळते ती साधारण १४ टक्क्यांना. शस्त्रक्रियेसाठी माणूस एकदा मुंबई गाठतो. येथे रुग्ण अंथरुणाला खिळलेला आणि गरज रोजची. म्हणून रुग्णालयापर्यंतचे किलोमीटर मोजून फारसे हाती लागत नाही. नर्स घरी येते का आणि मॉर्फीनची गोळी तालुक्याला मिळते का, हे विचारावे लागते.

भारतात सुरुवात शहरांतून झाली. डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला शांती अवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस काढले. पुढे गोव्यात लोटलीला आणि दिल्लीतही शाखा निघाल्या. पुण्यात वारज्याचे सिप्ला केंद्र १९९७ चे.

गावापर्यंत पोहोचण्याची वाट केरळने दाखवली. डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात बाह्यरुग्ण सेवा सुरू केली. पण चालू न शकणारे रुग्ण दवाखान्यात येणार कसे? मग मलप्पुरम जिल्ह्यात शेजारपाजारच्या स्वयंसेवकांची जाळी विणली गेली. रुग्ण शोधणे, वर्गणी काढणे, नर्सबरोबर घरोघर जाणे ही कामे गावानेच उचलली. २००८ मध्ये राज्याने धोरण आखले आणि गृहभेटी ग्रामपंचायतींच्या कामात आल्या. देशातील बहुसंख्य केंद्रे एकट्या केरळात असण्यामागे पैशापेक्षा ही रचना अधिक आहे.

औषधाचा नकाशा वेगळाच. मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, तिच्यापासून मॉर्फीन बनते. तरी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर ते देशातल्याच रुग्णालयांतून जवळजवळ नाहीसे झाले. बहुतेक राज्यांत एका साठ्यासाठी अनेक खात्यांचे परवाने लागत, आणि एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीनसह सहा औषधांसाठी देशभर एकसारखी पद्धत आणली व मान्यता देण्याचे काम राज्याच्या औषध नियंत्रकाकडे सोपवले.

महाराष्ट्राने धोरण २०१२ मध्ये केले. केरळनंतरचे हे दुसरे राज्य. जव्हारसारख्या आदिवासी भागात मुलांसाठीही प्रकल्प झाला. २०१२ मध्येच केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, आणि पुढे आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांच्या सेवांत पॅलिएटिव्ह सेवेचा समावेश झाला. आशाताई त्यामुळे रुग्ण शोधून काढू शकते, जखमेची निगा घरच्यांना शिकवू शकते. मॉर्फीनसाठी मात्र मान्यताप्राप्त संस्था आणि तिथे प्रशिक्षित डॉक्टर लागतो, आणि दुर्गम तालुक्यांत नेमकी त्याचीच वानवा असते.