सव्वा रुपयाचं रिव्हॉल्व्हर

शस्त्रांच्या इतिहासावर जाडजूड ग्रंथ पुष्कळ आहेत. त्यांत तोफा आहेत, ठासणीच्या बंदुका आहेत, तलवारींची तर वंशावळच आहे. पण ज्या शस्त्राने ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या तमाम चाळींची दुपारची झोप उडवली, त्या टिकल्यांच्या पिस्तुलावर एकाही इतिहासकाराने चार ओळी खर्चलेल्या नाहीत. ही उणीव भरून काढायला मी पुढे सरसावलो आहे. माझी लायकी विचाराल, तर मी हे शस्त्र डोंबिवलीत सलग सात दिवाळ्या चालवलेलं आहे, आणि तेही विनापरवाना.

आधी शस्त्राचं वर्णन. पत्र्याचे दोन अर्धे भाग दाबून एकमेकांना जोडलेले. जोडाच्या कडा अशा, की शत्रूला इजा होवो न होवो, चालवणाऱ्याचा अंगठा मात्र कापलाच पाहिजे. वर रुपेरी रंग. तो भाऊबिजेपर्यंत पिस्तुलावर आणि मग कायमचा तळहातावर. नळीला पुढे भोकच नसे. मागे घोडा, खाली चाप आणि या दोघांत बेबनाव. चाप ओढला तरी घोडा आपल्या मर्जीने पडे. किंमत सव्वा रुपया. पंचवीस टिकल्या आत गुंडाळून बसतील असं ‘रोल’चं पिस्तूल याहून महाग असे, आणि ते ज्याच्याकडे असे तो आपोआप सेनापती होई. आम्ही सुट्या टिकल्यांवाले साधे शिलेदार. एक टिकली ठेवायची, चाप ओढायचा, ‘फट्’ झालं तर ठीक. नाही झालं तर तोंडाने ‘ठो’ म्हणायचं. युद्धशास्त्रात या दुसऱ्या पद्धतीला फार महत्त्व आहे. तिला दारूगोळा लागत नाही.

आता जाणकार म्हणतील, की पिस्तूल वेगळं आणि रिव्हॉल्व्हर वेगळं. बरोबर आहे. रिव्हॉल्व्हरला फिरतं चक्र असतं, त्यात बहुधा सहा घरं, घोडा मागे गेला की चक्र एक घर पुढे सरकतं. आमच्या शस्त्रालाही चक्र होतं. फक्त ते पत्र्यावर उठवलेलं होतं. देवळाच्या भिंतीवरचा हत्ती जितका चालतो तितकंच ते फिरे. पण सिनेमातल्या इन्स्पेक्टरकडे रिव्हॉल्व्हर असायचं, म्हणून आम्हीही त्याला रिव्हॉल्व्हरच म्हणायचो. १९७५ साली ‘शोले’ आला तेव्हा मी कॉलेजात होतो. सहा घरं, तीन गोळ्या आणि तीन माणसं हे गब्बरचं गणित साऱ्या थिएटरने श्वास रोखून पाहिलं. मला मात्र त्याचा हेवा वाटला. त्याचं चक्र फिरत होतं.

या चक्राची जन्मकथा मोठी गमतीची आहे. सॅम्युअल कोल्ट नावाचा सोळा वर्षांचा अमेरिकन पोरगा १८३० साली ‘कॉर्व्हो’ नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. जहाज निघालं होतं आपल्या कलकत्त्याला! सांगतात ते असं, की जहाजावरचं फिरतं चाक बघून त्याच्या डोक्यात कल्पना आली आणि त्याने चाकूने लाकूड तासून रिव्हॉल्व्हरचा नमुना तयार केला. पुढे १८३६ साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं आणि मग सगळ्या जगाला ते लोखंडी चक्र ऐकू आलं. म्हणजे बघा, रिव्हॉल्व्हर जन्माला आलं ते एका पोराच्या हातातलं लाकडी खेळणं म्हणून. मोठ्या माणसांनी नंतर त्याचं शस्त्र केलं. आम्ही फक्त त्याला पुन्हा मूळ पदावर आणलं.

टिकलीचं कूळही असंच थोर आहे. तिचे मूळपुरुष म्हणजे स्कॉटलंडमधले एक पाद्री, अलेक्झांडर फोर्साइथ. प्रार्थनेतून वेळ उरला की हे गृहस्थ पाखरं मारायला जात. त्या काळच्या गारेच्या बंदुकीत आधी कानापाशी ठिणगी उडे आणि मग बार होई. तेवढ्या अवधीत पाखरू सावध होऊन उडून जाई. पाद्रीबाबांनी ठोका बसताच पेटणारी दारू वापरली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे बंदुकीची ‘कॅप’ आली. आपल्याकडे काही गावांत टिकल्यांना ‘केपा’ म्हणतात त्या याच घराण्यातल्या. एका धर्मोपदेशकाच्या शोधामुळे माझ्या आईची वामकुक्षी मोडत असे, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

टिकलीच्या पोटात असतं काय? तांबडा फॉस्फरस आणि पोटॅशियम क्लोरेट. काड्यापेटीत हेच दोघे असतात, पण तिथे शहाणपणाने त्यांना वेगळं बिऱ्हाड करून दिलेलं असतं: क्लोरेट काडीच्या डोक्यात आणि फॉस्फरस पेटीच्या कडेला. घासल्याशिवाय गाठ नाही. टिकलीत मात्र दोघांना एकाच खोलीत कोंडलेलं. चाळीत राहिलेल्या माणसाला याहून जास्त रसायनशास्त्र शिकवावं लागत नाही. कोणी नुसता दाराला धक्का दिला की आत भडका!

आणि हे सगळं आमच्या शेजारीच होतं, बरं का. ‘विम्को’ ही काड्यापेट्यांची कंपनी १९२३ साली निघाली. तिचा कारखाना कल्याणच्या पुढे अंबरनाथला. विम्को नाका हे नाव लोकांच्या तोंडी बसलं ते त्यामुळेच. त्याच सुमारास तिकडे शिवकाशीचे षण्मुग नाडर आणि अय्या नाडर हे दोघे भाऊबंद काड्यापेट्यांची विद्या शिकायला कलकत्त्याला गेले. काड्यापेटीमागून शिवकाशीत फटाके आले आणि आमच्या टिकल्यांच्या डब्या तिथून येऊ लागल्या. अंबरनाथला तर सरकारी शस्त्रास्त्रांचा कारखानाही आहे. थोडक्यात, काडी आणि तोफ दोन्ही लोकलच्या अंतरावर असताना आम्ही सव्वा रुपयाच्या पत्र्यावर खूष होतो.

आमची युद्धं दिवाळीच्या किल्ल्यावरून होत. अंगणात मातीचा किल्ला, वर अळीव पेरलेले, सिंहासनावर महाराज, दारात मातीचे मावळे. मावळ्यांच्या हातात भाले आणि आमच्या हातात अमेरिकन बनावटीची कल्पना. समोरच्या बिल्डिंगची फौज चालून आली की शिवकाल आणि हिंदी सिनेमा एकाच अंगणात लढत. मेलेल्याने दहा अंक मोजून उठायचं, असा तह होता. आई हाक मारी तेव्हा मेलेले आणि मारलेले एकाच ताटातला चिवडा खात. दारू जळल्याचा तो वास बोटांना चिवड्यापेक्षा जास्त वेळ टिके.

याच सुमारास आजोबांबरोबर मी ठाण्याला गेलो होतो. पिस्तूल चड्डीच्या खिशात होतंच. ठाण्याच्या तुरुंगाची ती लांबलचक भिंत दिसली तेव्हा मी अर्थातच पिस्तूल काढलं आणि भिंतीवर बार केला. आजोबांनी मला थांबवलं नाही. पण भिंतीपाशी ते स्वतः थांबले.

हा तुरुंग म्हणजे मूळचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला, १७७४ साली इंग्रजांच्या हाती गेलेला. पण आजोबांच्या मनात तो इतिहास नव्हता. ते मला अनंत कान्हेरेबद्दल सांगू लागले. १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी होती आणि युरोपियनांना मात्र सूट. म्हणून सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर लपवून पाठवली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर कान्हेऱ्यांनी त्यांतल्याच पिस्तुलाने गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना याच भिंतीच्या आत फाशी झाली. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे होते.

“अठरा म्हणजे आपल्या काकाएवढे?” मी विचारलं.

“काकाहून लहान,” आजोबा म्हणाले. “मी तेव्हा तुझ्याएवढा होतो. आमच्या घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोललं नाही.”

माझा काका तेव्हा विशीत होता आणि सकाळी आठ बावन्नची लोकल पकडण्यापलीकडे त्याच्यापुढे कसलंही संकट नव्हतं. मी पिस्तूल खिशात ठेवलं. आजोबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “ठेवलंस कशाला? वाजव की. तुझं कुणाला लागत नाही ना? मग खुशाल वाजव.”

त्या वयात मला ही परवानगी म्हणजे केवळ परवानगी वाटली. त्या भिंतीपाशी पोराने टिकल्या फोडाव्यात, आणि शिपायाने येऊन नाव-गाव विचारू नये, यात आजोबांना काय सुख होतं ते कळायला मला आजोबांच्या वयाचं व्हावं लागलं.

पुढे शस्त्रांच्या कायद्यात बदल झाले. १८७८ चा जाऊन १९५९ चा आला. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास बायकांसाठी ‘निर्भीक’ नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. रुपयाचा लाख झाला, पण ‘सव्वा’ तेवढा टिकला, हे पाहून मला जुना मित्र भेटल्यासारखं वाटलं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीचे फटाके रात्री आठ ते दहा या वेळात उडवायला सांगितले. आमची आई न्यायाधीश असती तर तिने तेवढेही दोन तास दिले नसते.

माझ्या नातवाचं पिस्तूल प्लॅस्टिकचं आहे. त्यात आठ टिकल्यांची लाल चकती बसते आणि मुख्य म्हणजे चक्र खरोखर फिरतं. गेल्या दिवाळीत तो बाल्कनीतून माझ्यावर नेम धरून उभा होता. मी रीतसर छातीवर हात ठेवून खुर्चीत कोसळलो. आठपैकी पाच टिकल्या उडाल्या, तीन फुसक्या निघाल्या. तो हिरमुसला. मी मेलेल्या अवस्थेतच त्याला तोंडाने ‘ठो’ म्हणायची युक्ती सांगितली, आणि दहा अंक मोजून उठलो.