चीक

गाय व्याल्यानंतर पहिले तीन-चार दिवस कासेतून मिळणारा दाट, पिवळसर व चिकट स्राव.

निर्मिती : गाभणकाळाच्या अखेरच्या आठवड्यांत गाईच्या रक्तातील प्रतिपिंडे कासेत साठून चीक तयार होतो. त्यासाठी विण्यापूर्वी सु. 60 दिवस गाय आटवतात आणि तिला हिरवी वैरण, पेंड व खनिज मिश्रण देतात (पहा : भाकड काळ).

वैशिष्ट्ये : पहिल्या दोहनाच्या चिकात प्रथिने सु. 14 टक्के असतात. नेहमीच्या दुधात ती 3 ते 3.5 टक्के असतात. अ जीवनसत्त्व व मॅग्नेशियमही अधिक असते. उष्णतेने प्रथिने घट्ट होऊन चिकाचा खरवस बनतो (पहा : खरवस). चिकावाटे कॅल्शियम एकाएकी खर्ची पडल्याने अधिक दूध देणाऱ्या गाईंना दुग्धज्वर होऊ शकतो (पहा : दुग्धज्वर).

पाजण्याची रीत : जार पडण्याची वाट न पाहता, कास व सड धुऊन वासराला पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजतात. एकूण मात्रा वजनाच्या सु. 10 टक्के, म्हणजे 30 किग्रॅ. वजनाच्या वासराला सु. 3 लिटर असते; ती 12 तासांत विभागून देतात. वासरू सड धरत नसल्यास कोमट चीक बाटलीने पाजतात. गोठवलेला चीक कोमट पाण्यात ठेवून वितळवतात. उकळल्यास प्रतिपिंडे नष्ट होतात.

महत्त्व : गाईच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भाला मिळत नाहीत. नवजात वासराचे आतडे ती अखंड स्वरूपात सु. 24 तासच शोषू शकते व ही क्षमता दर तासाला घटते. वेळेवर मिळालेल्या चिकामुळे हगवण व फुफ्फुसदाह यांपासून संरक्षण मिळते आणि वासरांची मरतूक घटते (पहा : वासरू संगोपन).