पहिले भिंग आणि न काढलेली छायाचित्रे

गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी स्वतःच्याच गावाचा विषय निवडला. ती मोहन्याची. उल्हास नदीचा काठ, जवळच आंबिवली स्टेशन आणि गावाच्या आयुष्यावर काही दशके सावली धरून असलेला नॅशनल रेयॉनचा, म्हणजे तिथल्या बोलीत 'एन.आर.सी.'चा कारखाना. तो २००९ मध्ये बंद पडला आणि पुढे कामगारांची वसाहतही रिकामी होत गेली. मुलीचे आजोबा याच कारखान्यात पाळ्या करत निवृत्त झाले. प्रकल्पाचा आधार म्हणून तिने घरातला अल्बम माझ्यासमोर ठेवला. चाळीसेक छायाचित्रे असतील. लग्नातली, कल्याणच्या कुठल्याशा स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढची, टिटवाळ्याच्या देवळाबाहेरची, नदीच्या बंधाऱ्यावरची. आजोबा कामावर असतानाचे एकही नाही. आजी चुलीपाशी किंवा स्टोव्हपाशी बसलेली, असेही एक नाही.

मग तिने मूळ प्रश्न विचारला. तिने जुन्यातला एक कॅमेरा घेतला होता, त्याच्याबरोबर मिळणारी साधी लेन्स होती, आणि शिकवण्या करून साठवलेले सहा-सात हजार रुपये होते. तिला आजीचे चेहरे टिपायचे होते, नदी टिपायची होती, कारखान्याचे बंद फाटक, गणपतीची मिरवणूक आणि स्वयंपाकघरसुद्धा. "सर, एकच लेन्स घेता येईल. कोणती घेऊ?"

मी मराठीचा अध्यापक. छायाचित्रणाचा छंद आहे, अधिकार नाही. तरीही प्रश्न टाळावासा वाटला नाही, कारण त्याचे उत्तर त्या अल्बममध्येच होते. जी छायाचित्रे तिथे नव्हती ती का नव्हती, हे कळले की कोणते भिंग घ्यावे हेही कळते. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मुंबईत छायाचित्रण फार लवकर आले. १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नामवंत छायाचित्रकार. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. म्हणजे आपल्याकडे ही कला शिकवली जाऊ लागली तेव्हा मुंबई विद्यापीठ अजून जन्मायचे होते. पण या मंडळींसमोरचा पहिला प्रश्न आजच्या नवशिक्यासमोर आहे तोच होता : हाती असलेल्या प्रकाशात हे भिंग काय पाहू शकते?

भिंगाची ताकद दोन गोष्टींनी मोजतात. एक, ते किती विस्तृत दृश्य पाहते; हे मिलिमीटरमधल्या फोकल लेंथवरून कळते. दोन, ते किती प्रकाश आत घेते. हे 'एफ'च्या आकड्यावरून कळते. आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. या उलट्या हिशेबाने नवशिका हमखास गोंधळतो. दागेरच्या पद्धतीचे आरंभीचे कॅमेरे एफ/१४ च्या आसपासची भिंगे वापरत, आणि त्यांच्यासमोर माणसाला मिनिटेच्या मिनिटे पुतळ्यासारखे बसावे लागे. १८४० मध्ये व्हिएन्नातील गणितज्ञ योसेफ पेत्झवाल याने एफ/३.६ चे भिंग गणिताने रचले. प्रकाश सुमारे पंधरा पट वाढला आणि व्यक्तिचित्राचा व्यवसाय शक्य झाला. जगभरच्या स्टुडिओंमध्ये दिसणारी ती बैठक, खुर्चीच्या हातावर टेकवलेला हात, गंभीर मुद्रा, या सगळ्यामागे केवळ मर्यादशीलता नाही. त्यात भिंगाला लागणारा वेळही आहे.

१८९६ हे साल या इतिहासात दोनदा येते. त्या वर्षी ७ जुलैला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. विषय उघड्यावरचा, कारण प्रकाश उघड्यावर होता. त्याच १८९६ मध्ये जर्मनीत झाइसच्या पॉल रुडॉल्फ याने 'प्लानार' नावाचे सहा काचांचे, जवळजवळ सममित रचनेचे भिंग तयार केले. रचना उत्तम होती, पण काच आणि हवा यांच्या इतक्या पृष्ठभागांवरून प्रकाश परावर्तित होई आणि चित्र धुरकट दिसे. काचेवर पातळ लेप देऊन हे परावर्तन कमी करण्याची युक्ती झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला याने १९३५ मध्ये काढली, तेव्हा कुठे त्या रचनेचे दिवस आले. पुढच्या काळात ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याबरोबर येणारी ५० मिमी, एफ/२ किंवा एफ/१.८ ची 'नॉर्मल' लेन्स ही बहुधा याच घराण्यातली. रशियन झेनिट कॅमेऱ्यावरची हेलिओस ही त्यांपैकीच एक. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात जुने कॅमेरे पालथे घालणाऱ्या अनेकांनी ती हाताळली असेल.

मात्र आपल्या मध्यमवर्गाच्या नि कामगारवर्गाच्या घरी हे घराणे पोहोचले नाही. परदेशी कॅमेऱ्यांवर आयातीचे निर्बंध होते, जकात होती. घरी पोहोचला तो बडोद्याला तयार होणारा आग्फा क्लिक. माझ्या वडिलांकडेही तोच होता. साधे भिंग, एफ/८ ते एफ/११ च्या आसपासचे ठरावीक छिद्र, एका रोलवर बारा चौकोनी चित्रे. 'सूर्य पाठीशी ठेव' हा वडिलांचा एकमेव धडा होता, आणि त्या यंत्रापुरता तो संपूर्ण होता. भर उन्हाच्या तुलनेत ट्यूबलाइटच्या खोलीत प्रकाश साधारण पाचशे ते हजार पट कमी असतो. आपला डोळा हा फरक सहज पचवतो, म्हणून तो आपल्याला जाणवत नाही. क्लिकला तो पचवता येत नसे. त्याच्या लेखी दुपारनंतरचे घर जवळजवळ अस्तित्वातच नव्हते.

आता तो अल्बम पुन्हा पाहावा. अंगण, देऊळ, बंधारा : जिथे ऊन होते तिथेच कुटुंब होते. स्टुडिओत दिवे होते, म्हणून स्टुडिओ. स्वयंपाकघर, रात्रपाळीला निघालेला माणूस, कंदिलाशी अभ्यास करणारी आत्या, हे सारे भिंगाच्या कक्षेबाहेर राहिले. आणि हेच विषय मराठी लेखणीने मात्र केव्हाच आपलेसे केले होते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. नावात 'चित्रे' असलेल्या त्या पुस्तकात चूल, पंगत, घरातले कानेकोपरे दिसतात. नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' १९६६ चे. त्यात कामगार आपल्या आवाजात बोलतो. शब्दाला प्रकाशाची अट नसते. त्यामुळे आपल्या साहित्यात जे घर दिसते आणि आपल्या अल्बममध्ये जे घर दिसते, ती जणू दोन वेगळी घरे आहेत.

सगळा दोष भिंगावर टाकणे अर्थातच सोपे होईल आणि चूकही. कारखान्यात कॅमेरा नेण्याची सहसा मुभा नसे. बारा चित्रांच्या रोलमधले एक चित्र आजीच्या भाकरीवर खर्च करणे उधळेपणाचे वाटे. आणि मुळात भाकरी थापणारी बाई हा छायाचित्राचा विषय आहे, असे कुणाला, त्या बाईलाही, वाटत नसे. छायाचित्र म्हणजे नीटनेटके होऊन सामोरे जाण्याचा प्रसंग. पण यंत्राची मर्यादा आणि समाजाचा संकेत एकमेकांना दुजोरा देत राहतात. जे टिपता येत नाही ते टिपण्याजोगे नाही असे आपण ठरवतो, आणि पुढे टिपता येऊ लागले तरी तो ठराव कायम राहतो. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हासच्या काठावरच्या किती घरांतले अल्बम चिकटून लगदा झाले असतील. पण काही दृश्यांचा नाश त्याआधीच, ती न काढली गेल्यामुळे झालेला होता.

म्हणून माझे उत्तर ठरले : जे भिंग घरात पाहू शकते ते घे.

कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिमी लेन्स टाकाऊ नाही. २००३ मध्ये कॅननच्या ३००डी कॅमेऱ्याबरोबर ही कल्पना रूढ झाली आणि लक्षावधी लोक तिच्यावर शिकले. नदी, मिरवणूक, कारखान्याचे फाटक यांसाठी तिची १८ मिमीची बाजू उत्तम. पण पुढे सरकवली की तिचे छिद्र एफ/५.६ वर येते. त्या तुलनेत एफ/१.८ चे भिंग साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश घेते. ट्यूबलाइटच्या खोलीत आयएसओ १६०० ठेवून पहिलीला सेकंदाचा पंधरावा भाग लागत असेल, तर दुसरीला सुमारे दीडशेवा. पहिलीत आजीचा हात पुसट होतो, दुसरीत भाकरी थापताना बोटांना लागलेले पीठही दिसते. मोठ्या छिद्राची किंमतही असते : स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी अरुंद होतो. डोळ्यावर फोकस साधला तर कान पुसट. तेव्हा दोन माणसे मागेपुढे बसली असतील तर छिद्र थोडे आवळावे.

आता ५० मिमी की ३५ मिमी? नवशिक्यांच्या कॅमेऱ्यातला सेन्सर बहुधा फिल्मच्या चौकटीहून लहान असतो. त्यामुळे त्यावर ५० मिमीचे भिंग ७५ ते ८० मिमीसारखे वागते. चेहऱ्याला ते सुरेख, पण दहा बाय दहाच्या खोलीत पाठ भिंतीला टेकते. ३५ मिमी तिथे ५० च्या जवळ येते आणि माणसाबरोबर त्याची खोलीही दाखवते. नव्या ५० मिमी लेन्सा स्वस्त आहेत. १९९० मध्ये कॅननने प्लॅस्टिकच्या अंगाची एफ/१.८ ची लेन्स आणली तेव्हा रुडॉल्फच्या रचनेचा वंश खऱ्या अर्थाने सामान्यांच्या दारी आला. ३५ मिमी सहसा थोडी महाग पडते, पण जुन्या बाजारात मिळते. अठरापासून दोनशे-तीनशेपर्यंत सगळे देणाऱ्या लेन्सचा मोह या रकमेत टाळावा. प्रवासात ती सोयीची असते, पण घरातल्या प्रकाशात तिची गत 'एक ना धड, भाराभर चिंध्या' अशी होते.

जुनी लेन्स घेताना दोन पथ्ये. ती आपल्या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस करते का, हे दुकानातच लावून पाहावे. निकॉनच्या काही जुन्या लेन्सांना स्वतःची मोटर नसते आणि लहान कॅमेऱ्यांवर फोकस हाताने साधावा लागतो. दुसरे, लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून बुरशीचे जाळे दिसते का ते बघावे. आपल्या पावसाळ्यात, त्यातही नदीकाठी, कपाटात बंद ठेवलेल्या भिंगाला बुरशी धरतेच. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवणे हा स्वस्त नि पुरेसा उपाय.

तिने ३५ मिमी घेतली, जुनी. प्रकल्पात कारखान्याच्या फाटकाचे चित्र आहे, तेही चांगले आहे. पण मी थांबलो ते शेवटच्या पानावर. संध्याकाळ, एक दिवा, ओट्यापाशी आजी, कॅमेऱ्याकडे न पाहता बोलत असलेली. खाली तिने लिहिले होते : 'आजी विचारत होती, इथला कसला फोटो काढतेस?'