मांडलिकांची पत्रे

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली भट्टी १९५९ मध्ये पेटली. पण ज्या दुर्ग-रायपूरच्या मुलखात ती उभी राहिली, त्याचा मराठी राजवटीशी आलेला संबंध दोन शतकांहून जुना. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर चालून गेले आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथे राहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले. भोवतालचे डोंगरी राजे व जमीनदार नागपूरकरांस जी वार्षिक खंडणी भरीत, तिला टकोली म्हणत.

बस्तरचा राजा दरियादेव या मांडलिकांत आला तो संकटामुळे. सावत्र भाऊ अजमेरसिंह याने त्यास राज्यातून हुसकावून लावले. तेव्हा त्याने ओरिसातील जेपूरच्या राजाचा आश्रय घेतला आणि नागपूरकरांची व इंग्रज कंपनीची मदत मिळविली. गादी परत मिळाली. मात्र १७७८ च्या कोटपाडच्या करारान्वये बस्तरवर नागपूरचे स्वामित्व आले आणि कोटपाडचा परगणा जेपूरकरांकडे गेला. साहाय्याचे मोल असे चुकते करावे लागले.

असा अडलेला राजा सार्वभौमाकडे दाद मागतो तेव्हा काय लिहितो? याचा एक जुना आणि विपुल पुरावा तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. इजिप्तमध्ये नाईलकाठी अमर्ना येथे १८८७ मध्ये गावकऱ्यांना मातीच्या विटा सापडल्या. तिसरा अमेनहोतेप आणि अखेनातेन यांच्या दरबारचे हे दप्तर. आज सुमारे ३८० विटा ज्ञात आहेत. बहुतेक पत्रे सीरिया-पॅलेस्टाईनच्या मांडलिकांची. भाषा मात्र लिहिणाऱ्याची नव्हे आणि वाचणाऱ्याचीही नव्हे, ती बाबिलोनची. मराठ्यांच्या दरबारी फार्सीने जे काम केले, तेच तिने तेथे केले.

मायना ठरलेला असे: स्वामींच्या पायांशी सात वेळा आणि पुन्हा सात वेळा लोटांगण. जेरुसलेमचा अब्दि-हेबा तर पत्राच्या शेवटी राजाच्या लेखकालाच वेगळी विनंती करतो, की माझे म्हणणे स्वामींपुढे चांगल्या शब्दांत मांडावे. पत्र कोण वाचून दाखविणार, हे तो पुरते ओळखून होता!

सर्वांत चटका लावतो तो बिब्लोसचा रिब-हद्दा. त्याची साठएक पत्रे आहेत. धान्य संपले, लोकांनी पोटासाठी मुलेबाळे आणि घरांची लाकडेही विकली, थोडे तरी सैन्य पाठवा, हेच त्याचे मागणे. उलट, हाच एकटा इतकी पत्रे का धाडतो, असे दरबारातून विचारणे झाले. बैरूतला मदत मागण्यास तो गेला असता धाकट्या भावाने नगराचे दरवाजे बंद केले. पुढे सिदोनकरांच्या ताब्यात सापडून तो मेला.

ज्या अमुर्रूच्या अझिरूविरुद्ध त्याची तक्रार होती, तोही स्वामींना असेच लोटांगण घालून निष्ठेच्या शपथा घेत होता. शब्द दोघांचेही तेच. खरा कोण, हे विटेवरून दरबाराने ओळखावे कसे? अझिरू पुढे हित्ती सम्राटाला जाऊन मिळाला.

अखेनातेननंतर राजधानी हलली. जुन्या विटा तेथेच टाकून दिल्या गेल्या. रिब-हद्दाच्या विनवण्याही त्यांतच राहिल्या.